पुस्तकात मुकी झालेली आई

आई, तुझ्या धाकट्यानं पुस्तक लिहिलंय आणि त्यात तुला मुकी केलंय. तुला! कंपनीच्या कँटीनमध्ये जिचा आवाज गेटावरच्या वॉचमनला ऐकू जायचा, तिला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर डोकं फुटेल माझं.

विद्यापीठानं आपल्याकडे शिकून गेलेल्यांची नवी पुस्तकं मांडली होती. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर पुस्तकं, रुखवत मांडावं तशी, आणि लिहिणारे शेजारी नवरदेवासारखे उभे. धाकटा म्हणाला होता, "ताई, तू यायचंच." म्हणून पिंपरीहून बस बदलत गेले, ठेवणीतली साडी नेसून. तिथं एका प्राध्यापक बाईंनी माझा हात धरला. "तुमच्या आईंचं ते मौन! केवढं सोसलं असेल त्यांनी." मी म्हटलं, "कुणाच्या आईचं?" त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं. त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

मग मी खुर्ची ओढून पान काढलं. चौथीतनं तूच मला काढलंस, त्यामुळे अक्षरावर बोट ठेवून वाचते, पण वाचते. लिहिलंय, आई स्टोव्हपाशी ओठ शिवल्यासारखी बसायची, तिचा एक शब्द मला आठवत नाही.

एक शब्द नाही? मला तर तुझ्या शब्दांचे अजून वळ आहेत. कणीक मळायला मला कँटीनमध्ये घेऊन जायचीस ना, तेव्हाची गोष्ट. सुपरवायझर करपलेल्या चपात्या बाजूला काढायला लावतो, म्हणतो, या बायांच्या जेवणाला. तू लाटणं पोळपाटावर आपटतेस. ती तुमची खूण. लाटणं वाजलं की ओळीतल्या सगळ्या बायांचे हात थांबायचे. बाहेर सकाळच्या शिफ्टची माणसं ताटं घेऊन उभी, आणि आत एक चपाती लाटली जात नाही. तू म्हणतेस, "सायब, ही करपल्याली आदी तुमी खावा. ग्वाड लागली तर आमालाबी वाढा." बाया तोंडाला पदर लावून हसतात. तो म्हणतो, "मावशी, लय बोलता तुमी." तू म्हणतेस, "आजून कुटं बोलले? आता कुटं तवा तापतोय." त्या दिवसापासून बायांना ताजी चपाती मिळाली. हे पुस्तकात कुठंय? पुस्तकात तुझे डोळे पाणावतात. तुझे!

बाहेर आल्या आल्या मी धाकट्याला धरलं. "खोटं कशाला लिहिलंस रे? मेलेली उठून भांडायला येणार नाही म्हणून?"

तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, खोटं नाही गं. मी तिला बोलताना ऐकलंच नाही."

तेव्हा मला आपली ती एक खोली आठवली. त्यानं पुस्तक उघडलं की तू मीठ मागायचीस ते बोटांनी, मला दटावायचीस ते डोळ्यांनी. भांडं खाली ठेवायचं ते फडक्यावर. शेजारच्यांचा रेडिओ वाजला तर त्यांच्याशी भांडायला पार नळापाशी जायचीस, त्याला ऐकू येऊ नये म्हणून. सकाळी तो उठायच्या आत तू कँटीनला, आणि तू यायचीस तेव्हा तो अभ्यासाला बसलेला. तुझं बोलणं कँटीनला मिळालं, चाळीला मिळालं, मला तर पोटभर मिळालं. त्याच्यापुढं तू फक्त गप्प बसलीस. मग तो दुसरं काय लिहिणार? पण मला विचारायचं तरी होतंस, गाढवा! आणि तू गं? एकदा तरी त्याच्यासमोर खणखणीत ओरडली असतीस, तर आज अशी पुस्तकात रडत बसली नसतीस.

मी त्याला म्हटलं, ते लाटणं पुढच्या पुस्तकात आलंच पाहिजे. म्हणाला, "तू सांग, मी लिहितो." म्हणून आज रविवारचा माझ्याकडे आलाय.

आला तो आतल्या खोलीत लिहायला बसला. त्याला सांगायच्या त्या सगळ्या गोष्टी मी इथं ओट्यापाशी पोरीच्या वहीच्या पानावर तुलाच लिहितेय. हे पान पिठाच्या डब्याखाली जाईल, दुसरीकडे कुठं पाठवणार? आणि एक सांगू, चिडू नकोस. पोरं कॅरम खेळत होती, ती मघाशीच बाहेर काढली. कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टी होईल म्हणून.