एका सारसाची जोडी

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून नवीन आयुष्य. पासपोर्ट फोटोवाला योगराज संपला, कलावंत योगराज सुरू. ही वही खास त्यासाठी. रोज दोन तास फोटोचे सॉफ्टवेअर शिकणार. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

तिरोड्यात अठरा वर्षे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोचे दुकान चालवतो. किती बनियनवाल्यांना कॉम्प्युटरवर कोट घातले, किती जणांची दाढी माउसने केली, हिशेब नाही. तरी कलावंत कोणाला म्हणतात? माझ्या साळ्याला, दुर्गाप्रसादला. कारण काय, तर त्याचा गोंदियात स्टुडिओ आहे आणि त्याच्याकडे ड्रोन आहे.

पाखरू मित्र मंडळाची फोटो स्पर्धा आहे. विषय 'आपली पाखरे'. शेवटची तारीख १५. जिंकणाऱ्याचा फोटो कॅलेंडरवर, शिवाय स्टेजवर शाल-श्रीफळ. दुर्गाप्रसादही फोटो पाठवून राहिला म्हणे. पाठव बाबा.

त्याच दिवशी, दुपारी
खर्रा एक. शेवटचा.

४ डिसेंबर
व्हिडिओवरचा मास्तर हिंदीत फार भरभर बोलतो. तरी लेयर समजले. प्रॅक्टिस म्हणून बायकोचा, मंजूचा, लग्नातला फोटो सुधारला. रंग उजळला, गाल आत घेतले, नाक सरळ केले. मंजूला सरप्राइज दिले. तिने बघितले आणि ही बाई कोण, असे विचारले. मग दिवसभर बोलली नाही. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावणे कठीण.

७ डिसेंबर, शनिवार
बोदलकशाकडे भैयालालभाऊंच्या बांधीत, धानाच्या शेतात, जाऊन आलो. म्हातारा माणूस, माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या शेतात सारस असतो हे सगळ्या तालुक्याला माहीत.

धान कापून झाले, मळणी व्हायची म्हणून पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेले. त्यापलीकडे सारस उभा होता. माणसाएवढा उंच, लाल मान. एकटाच. भाऊ सांगत होते की आधी जोडी होती. मागच्या वर्षी पोळ्यानंतर मादी विजेच्या तारेला लागून मेली. भाऊंनी तिला बांधाजवळ पुरले, घरी येऊन आंघोळ केली, दिवसभर जेवले नाहीत. नर अजून रोज सकाळी आवाज देतो, आणि उत्तर येते का म्हणून मान वर करून थांबतो. हे सांगताना भाऊंनी ती जागा हात करून दाखवली. मी फोकस लावत होतो, म्हणून फक्त हो हो म्हटले.

एक्केचाळीस फोटो काढले. अडतीसमध्ये नुसती शेपटी. दोनमध्ये माझे बोट. एक एकदम क्लास.

८ डिसेंबर
स्क्रीनवर पाहिले तर फोटोत प्रॉब्लेम फार. मधोमध विजेचा खांब, चार तारा, आभाळ राखेच्या रंगाचे. खांब काढला. तारा पुसल्या. आभाळ निळे केले, कोपऱ्यात जरा गुलाबी. पायाला काहीतरी गाठ होती, तीही चेहऱ्यावरच्या पुटकुळीसारखी साफ केली. तारांशिवाय बांधी किती मोकळी दिसते. निसर्गालाही थोडी मदत लागते.

खर्रा दोन. कलेसाठी.

९ डिसेंबर
फोटोत अजून काहीतरी कमी वाटत होते. सारखे पाहून पाहून सापडले. सारस म्हटले की जोडी पाहिजे. एकटा सारस हा बस चुकलेल्या माणसासारखा दिसतो. कॉपी केला, तोंड उलटे फिरवले, जरा लहान केला, कारण मादी लहान असते. अभ्यास लागतो. आता दोघे एकमेकांकडे पाहून राहिले.

जुन्या फाइलवरच सेव्ह केले. कॉम्प्युटर विचारत होता, जुने जाईल, चालेल का? चालेल म्हटले. मी मागे वळून पाहणारा माणूस नाही.

मंजूने एकच विचारले, एकाची सावली इकडे अन् दुसऱ्याची तिकडे काऊन पडून राहिली जी, सूर्य दोन आहेत काय? तिला म्हटले, तुला कलेतले काय समजते. मग दोन्ही सावल्या काढून टाकल्या. सारस किंचित हवेत वाटतात. पण पाखरेच आहेत.

११ डिसेंबर
फोटो पाठवला. नियम क्रमांक चार : फोटोत मुळात नसलेले काही टाकू नये. तीनदा वाचला. सारस मुळात होताच. मी बाहेरून काही आणले नाही.

मोठी प्रिंट काढून काचेच्या फ्रेममध्ये काउंटरच्या मागे लावली. दुर्गाप्रसाद कधीतरी येईलच.

१४ डिसेंबर, शनिवार
दुर्गाप्रसाद आला नाही. भैयालालभाऊ आले.

धानविक्रीसाठी सातबाराची झेरॉक्स पाहिजे होती. फ्रेमकडे लक्ष गेले आणि तसेच उभे राहिले. हा माझ्याच बांधीतला काय, म्हणून दोनदा विचारले. मी हो म्हटले, ते खोटे नव्हते. मग काउंटरच्या आत आले, काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "भेटली गा याले. दीड साल एकटा होता बिचारा, भेटली."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात आधार कार्डवाली गिऱ्हाइके आली, त्यामुळे मला बोलता आले नाही. भाऊ इतके खुशीत गेले की सातबारा मशीनमध्येच राहिला.

उद्या सांगतो.

१५ डिसेंबर
रविवार. सुट्टीच्या दिवशी माणसाला त्रास देऊ नये.

१७ डिसेंबर
बाजारात ऐकले की भैयालालभाऊंनी मळणीची मशीन परत पाठवली. आवाजाने नवीन मादी बिचकेल म्हणून. धान पुंजण्यातच पडून आहे आणि आभाळ आले आहे. मंजूने विचारले, आता तरी सांगता काय? मी म्हटले, योग्य वेळ पाहून सांगतो. ती म्हणाली, वेळ पाहत राहाल आन पाणी येईल.

एका फोटोने माणसाला एवढा आनंद दिला, ही बाजू कोणीच बघत नाही.

खर्रा चार.

१९ डिसेंबर
स्वतःशी ठरवले : उद्या सकाळी पक्के सांगणार. तीन वाक्ये तयार केली. 'भाऊ, कला आणि वास्तव यांत फरक असतो' हे पहिले.

२० डिसेंबर
सकाळी थंडी फार होती.

२२ डिसेंबर, रविवार
निकाल आला. उत्तेजनार्थ. आठ जणांना उत्तेजनार्थ आहे. पहिला दुर्गाप्रसाद. मोबाइलवर काढलेली चिमणी, नळावर बसलेली. ना आभाळ, ना मेहनत. परीक्षकांची पातळी समजली.

पण शाल माझीही आहे. आणि मंडळाने भैयालालभाऊंनाही स्टेजवर बोलावले आहे. 'सारसाचे राखणदार' म्हणून सत्कार. जोडी परत आली ना.

समारंभाआधी सांगितले तर म्हाताऱ्याच्या आनंदावर पाणी पडेल. समारंभानंतर सांगतो.

२९ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी
समारंभ झाला. मी नवीन कोट घालून गेलो होतो, खरा कोट. दुर्गाप्रसादने माझा फोटो बराच वेळ पाहिला, मग मला पाहिले, आणि म्हणाला, मेहनत केली जिजाजी. साळ्याला काहीतरी समजले असे वाटते.

भाऊ धुतलेले धोतर नेसून आले होते. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. माइकपासून लांबच उभे राहून बोलले. म्हणाले की, पंधरा दिवसांपासून मी पहाटे बांधीत बसून राहिलो. मले एकच दिसते, एकाचाच आवाज येते. माझे डोळे गेले असतील. "योगराजले दिसली, मले काऊन नाही दिसत? त्यानं उद्या माझ्यासंग यावं आन मले दाखवावी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी माझ्यातर्फे होकार दिला.

३० डिसेंबर, सोमवार. सकाळी १०
साडेपाचला मंजूने उठवले. मला ताप असल्यासारखे वाटत होते. तिने कपाळाला हात लावला आणि बूट आणून ठेवले.

भाऊ बांधावर वाट पाहत होते. मांडीवर कापडी पिशवी. धुके होते. मी बसलो. उजाडले तसा खांब दिसायला लागला, मग तारा. मी तीन आठवडे तो फोटो पाहून पाहून तारा विसरूनच गेलो होतो.

सारस आला. आवाज दिला. मान वर करून थांबला. भाऊ माझ्याकडे पाहत होते, पाखराकडे नाही. म्हणाले, दाखव गा, कुठं हाये?

तीन वाक्यांतले एकही आठवले नाही. सांगून टाकले. दुसरी मी कॉम्प्युटरवर केली भाऊ, हाच उलटा करून ठेवला, दुसरी नाहीच.  बोलताना मी बुटांकडे पाहत होतो.

ते शिव्या देतील असे वाटले होते. दिल्या असत्या तर बरे झाले असते. भाऊंनी एकदा सारसाकडे पाहिले. मग पिशवी उघडली. आत धान होते, दोन वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधलेले. एक सोडली आणि दाणे बांधाखाली टाकले. दुसरी हातात धरून बसले.

"मी रोज दोघांचे टाकून राहिलो होतो," म्हणाले. "हा दोघांचे खाऊन जाये. मले वाटे, तिनंच खाल्ले."

दुसरी पुरचुंडी त्यांनी परत पिशवीत ठेवली.