व्हिडिओतलं ओलं बोट

मंगळवार, संध्याकाळ, नंदनवन

लायब्ररीतल्या टॅबवर पुस्तक कसं शोधायचं, याचा व्हिडिओ मुलांना कालच पाठवला होता. घरी पाहून या, इथं आलात की फक्त शोधा, असं ठरलं होतं. आज सावनेरची पल्लवी हसत म्हणाली, "मॅडम, त्या व्हिडिओत टॅबले थुंकी काहून लावून राहिल्या तुम्ही?"

पाहिलं, तर खरंच! स्क्रीन सरकवण्याआधी दरवेळी बोट जिभेला. लाजच वाटली. ही सवय आमच्या जुन्या ग्रंथपाल सरांची. पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे ड्रॉवर चाळताना ते असंच करायचे आणि मी नाक मुरडायचे. ड्रॉवर गेले, सरही गेले. बोट मात्र...

नवा व्हिडिओ करावा का?

पण मग पल्लवीनं पुस्तक स्वतःच शोधलं, उघडलं आणि नकळत बोट ओलं करून पान उलटलं.

व्हिडिओ राहू दे तसाच.