दादांची साक्ष

जालना,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादांना,
शीतलचा सलाम.

आम्ही इकडे बरे आहोत. थंडीत आईचे गुडघे धरले होते, आता ती चालते-फिरते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्या; आशिषला परतूरला घ्यायला सांगा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते.

आज उपासनेत तुमची जागा रिकामी होती. पाळकसाहेबांनी विचारलं, तर आई म्हणाली, "पोराकडं गेलेत, येतील." झारखंडची मुलं मागच्या बाकांवर होती. त्यांनी त्यांच्या भाषेत एक गीत म्हटलं. ती आपल्यासारखीच ल्यूथरन आहेत, हे मंडळीला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं. स्टीलच्या कारखान्यात राबायला इतक्या लांबून आलेल्या या मुलांना कोणी खोली देईना, तेव्हा चर्चमागचा हॉल तुम्ही उघडून दिलात. कमिटी कुरकुरली, तर म्हणालात, "परके कोण हैत मंग? एकाच वेदीपुढं गुडघे टेकून राह्यलो न आपण." त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

मार्शल आणि त्याची बायको फुलमनी अजून हॉलमध्येच आहेत. मार्शलची जखम भरत आली. डाव्या हाताने जेवायला शिकतोय.

मी इकडचं तिकडचं लिहितेय, हे तुम्हाला कळत असेल.

मार्शलचा हात मशीनमध्ये गेला, त्या दुपारी मुलांनी तुम्हालाच बोलावलं. तुम्ही कारखान्यात आत गेलात, त्याला उचलून रिक्षात घातलं. घरी आलात तेव्हा शर्ट रक्ताने भिजला होता. ओट्याशी बसून तुम्ही आईला आणि मला सगळं सांगितलंत. मशीन चालूच होतं, आणि ठेकेदार ओरडत होता की आधी याला गेटबाहेर काढा. पुढे ठेकेदाराने, हा कामावर नव्हताच, असं म्हटल्यावर मार्शल गावी परत निघाला होता. त्याला मी थांबवलं. म्हटलं, दादांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते साक्ष देतील.

आणि गुरुवारी कामगार कार्यालयात भरपाईच्या सुनावणीला साहेबांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "मी आत गेलोच न्हाई. हा मला रस्त्यावर पडलेला दिसला. मोटारसायकलवरून पडला म्हणत होते लोक."

मार्शलला मराठी समजत नाही. तुम्ही बोलत होतात तेव्हा तो तुमच्याकडे बघून मान हलवत होता. नंतर हळूच मला विचारलं, "दीदी, चाचा ने क्या बताया?"

ते मला सांगावं लागलं, दादा. माझ्या तोंडाने. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नहीं दीदी, आपने ठीक से सुना नहीं होगा." तोवर तुम्ही आशिषच्या गाडीत जाऊन बसला होतात.

वहिनीने फोनवर सांगितलं, आशिषच्या गाड्या त्याच कारखान्याला लागल्या आहेत, ठेकेदाराने काम बंद करायचा दम दिला. "यांनीच दादांना गळ घातली, ताई. समजून घ्या." मुलासाठी बापाचा जीव तुटतो, हे मला समजतं. पण आधी सांगितलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते. निदान मार्शलला घेऊन तिथे बसले नसते. त्या सकाळी तुम्ही माझ्यासोबत चहा घेतलात, प्रार्थना केलीत, आणि एक शब्द बोलला नाहीत.

काल कमिटीचा निरोप आला. हॉल रिकामा करून घ्यावा, असं तुमचंच म्हणणं आहे म्हणे. चावी माझ्याकडे आहे. मी देणार नाही.

पुढच्या तारखेला मी साक्ष देणार आहे. तुम्ही घरी येऊन जे सांगितलंत, ते सगळं सांगेन. हे कोणाकडून कळलं, असं साहेब विचारतील. तेव्हा तुमचं नाव घ्यावं लागेल. आईला म्हटलं, तू काय करशील? ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "मी बी ऐकलंय. मी बी येते."

दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तुम्हाला त्याआधी येऊन खरं सांगायचं असेल, तर अजून वेळ आहे. वाट बघते, असं लिहिणार होते. लिहवत नाही.

पत्राखाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहायला तुम्हीच शिकवलंत. आज नुसतं नाव लिहिते.

शीतल