जावयाची हलकी बंदूक

प्रिय ऑर्लीन,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

तुझ्या लाडक्या जावयाने, ब्रेंटने, टर्कीच्या शिकारीसाठी काडीसारखी हलकी बंदूक घेतली, आणि काडतुसं मात्र सगळ्यात जहाल. मग धक्का सोसेना म्हणून खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याला रबराची जाड गादी लावली. दुसरी कोटाच्या खांद्यात घातली. गेल्या आठवड्यात टर्कीचा नर अगदी पुढ्यात आला, तर त्या दोन गाद्यांमुळे बंदुकीचा दस्ता ब्रेंटच्या काखेतच अडकला! पक्षी डुलत निघून गेला.

मी म्हटलं, "आता उशी घे आणि झोप."

"पप्पा, तुम्हीच उडवून दाखवा ना!"

मी दोन्ही गाद्या फेकल्या आणि बार उडवला. माझी जुनी जड बंदूक नुसती ढकलते गं, ही गाढवासारखी लाथ मारते. शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या उजव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. त्या शहाण्याला मी कळू दिलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या डॉक्टरांना विचार, माझ्या खांद्याचे आतले टाके तुटले असतील का? ब्रेंट रोज पहाटे रानात बोलावतो आणि मी पोटदुखीचं सोंग करतो. ते फार दिवस चालणार नाही, लवकर कळव.

तुझा,
हॉलिस