गुणीच्या कपाळावर हात

१ ऑगस्ट

पोचले एकदाची. खोली दुसऱ्या मजल्यावर, पलंग कुरकुरणारा, कपाटाचं दार लागतच नाही, पण खिडकी उघडली की खाली थेट तबेला. ओल्या गवताचा, लिदीचा आणि चामड्याला लावायच्या तेलाचा वास सरळ वर येतो. खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, तिला या वासाने मळमळतं. मला तर भूक लागली. ती कोंबड्यांच्या अभ्यासक्रमाला आहे आणि तिचं तोंड मिटत नाही, म्हणून मी तिचं नाव पोपट ठेवून टाकलं. तिला आवडलं बहुतेक.

पशुकल्याण आणि अश्वविज्ञान. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, घोडे सांभाळायला कॉलेज लागतं होय? आई ओट्याशी उभी राहून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत भांडी विसळत होती. वळून न बघताच म्हणाली की जा, तुला जमेल.

जमेलच. शाळेच्या सहलीत सगळी मुलं एका तट्टावर बसून फेऱ्या मारत होती आणि मी भोकाड पसरून सगळा कार्यक्रम थांबवला होता, कारण तट्टाला दुखत होतं. खुरात खडा घुसला होता, तो नंतर निघाला. तेव्हापासून घरात ठरूनच गेलंय की कुणाला कुठं दुखतंय ते हिला दिसतं. माझं स्वतःचं दुखणं तर काय, कुणालाही दिसेल. मावशी म्हणते, हिच्या तोंडावर बातम्या लागतात.

६ ऑगस्ट

आज पहिलं प्रात्यक्षिक. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना कशी मोजायची ते. कान, डोळे, डोळ्यांवरचा भाग, जबडा, ओठ, नाकपुड्या. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन द्यायचे आणि बेरीज करायची. सर म्हणाले, घोडा बोलत नाही आणि मालक खोटं बोलतो, तेव्हा ऐकलेलं काही धरायचं नाही, दिसेल तेवढंच धरायचं. सरांना विनोद करायची हौस आहे, पण हसायचं कुठं ते तेच आधी हसून सांगतात.

इथली एक जुनी पद्धत आहे. प्रत्येकाला एक घोडा मिळतो. सगळ्यांसमोर त्याच्या कपाळावर तळवा ठेवायचा आणि त्याचा आकडा मोठ्याने सांगायचा, की तो घोडा तुमचा. सरांच्या सरांपासून हे चालत आलंय म्हणे.

माझ्या वाट्याला गुणी आली. पांढुरकी म्हातारी घोडी. सगळी नवी मुलं तिच्यावरच शिकतात, सुई टोचायला, पट्टी बांधायला, तोंड उघडून दात बघायला. ती हूं की चूं करत नाही, म्हणून गुणी. मी निरखून बघितलं. कान सैल, डोळे अर्धे मिटलेले, जबडा मोकळा. फक्त पुढचा एक पाय तिने जरासा उचलून टेकवला, मग दुसरा. वाटलं, सरांना विचारावं. पण सर घड्याळ बघत होते, आणि पहिल्याच दिवशी दीडशहाणी कशाला ठरायचं? तळवा ठेवला आणि म्हणाले, शून्य. गुणीने एक लांब श्वास सोडला. माझी बाही गरम झाली त्याने.

तबेल्यात मदतीला एक ताई आहे. इथलीच जुनी विद्यार्थिनी, वर्गात पहिली आली होती आणि मग इथेच राहिली. फार शांत, सगळे म्हणतात देवमाणूस आहे. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ आली आणि कपाळ पुढं करून म्हणाली, ताप आहे का बघ जरा. माझे हात लिदीने भरलेले. मी म्हटलं, ठणठणीत दिसताय की तुम्ही. ती बरं म्हणाली आणि बादल्या उचलून गेली.

१५ ऑगस्ट

गुणीने सरांची बाही फाडली! कान मागे पाडून, दात दाखवून, अगदी ठरवून. नाल बदलायला आलेला माणूस तर उडी मारून गव्हाणीवर चढला. म्हणाला की इतकी वर्षं हिचे पाय हातात घेतोय, कधी शेपूटसुद्धा हलवली नव्हती.

पशुवैद्य आले. चारही खुरांच्या आत दाह आहे आणि तो जुना आहे, खूप जुना. म्हणजे ही घोडी कित्येक वर्षं निखाऱ्यावर उभी असल्यासारखी उभी होती आणि आम्ही सगळे तिला शहाणी म्हणत होतो. मला रडू यायला हवं होतं. माझ्यासारखीला तर नक्कीच. आलं नाही. दमले असेन.

नवे बूट फार चावतात.

२३ ऑगस्ट

गुणीचे पाय थंड पाण्यात ठेवतात, खाली भुशाचा जाड थर घातलाय, औषध चालू आहे. ती दिवसभर तक्रार करते आणि सगळे धावतात. तिचा आकडा रोज कमी होतोय, आणि हा आकडा खरा आहे. मला आनंद झाला असं लिहिते, कारण तो होतोय.

माझे तळपाय जळताहेत. बूट बदलले, चपला घातल्या, अनवाणी चालून बघितलं. उभं राहताना टाचांवर मागे झुकलं की जरा बरं वाटतं. पोपटाला सांगितलं, तर ती म्हणाली की तू हल्ली किती गोड झाली आहेस, आधी कशी फणकारायचीस. मग तिने कोंबड्यांचं काहीतरी लांबलचक सांगितलं. मी ऐकून घेतलं. मला ओरडायचं होतं.

३ सप्टेंबर

कॉलेजच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मी म्हणाले, फार दुखतंय, सहन होत नाही. आणि ते माझ्याच कानांना असं ऐकू आलं की जणू मी आज कोणता वार आहे ते सांगतेय. डॉक्टरांनी पाय दाबले. कळ मस्तकात गेली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, इथं काही नाही ना होत? मी म्हणाले, होतंय. ते हसले. एक्स-रे स्वच्छ आहे. अभ्यासाचा ताण म्हणाले.

परत येऊन आरशासमोर बसले. भुवया वर करायला गेले, ओठ वेडेवाकडे करायला गेले. चेहरा नुसता परातीतल्या पिठासारखा. मी हाताने तोंड ओढून रडका चेहरा केला. हात काढल्यावर तो परत आपल्या जागी गेला.

सरांनाही सांगितलं. त्यांनी गमतीत माझ्यावरच मोजमाप लावलं, लांबून, डोळे बारीक करून. शून्य म्हणाले. म्हणाले, तुमच्यासारखी शांत मुलंच या क्षेत्रात टिकतात.

१० सप्टेंबर

मागच्या कुरणात एक काळा घोडा आहे, म्हातारा पण धडधाकट, उगाचच दौडत असतो. ताईला विचारलं, कुणाचा. ती म्हणाली, माझा होता. फार गुणी होता, मिळाला तेव्हा. मीही शून्यच म्हणाले होते.

कुंपणाला टेकून ती बोलत होती. टाचांवर मागे झुकलेली. एक पाय, मग दुसरा.

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हात ठेवणाऱ्याला दिसलं, तर सुटतं. नाही दिसलं आणि काही नाही असं तो म्हणाला, तर ते त्याच्याकडे जातं. दिसल्याचं नाटक केलं, तर ते जिथलं तिथंच राहतं. तिच्या घरच्यांनी तिला कधी हात लावूनच बघितलं नाही, इतकी ती बरी दिसायची.

मग तिने कपाळ पुढं केलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, खूप वेळ, सहाच्या सहा जागा. काहीही नव्हतं. मला ठाऊक आहे तिला काय होतंय, माझ्याच पायांत ते होतंय, तरी काहीही दिसलं नाही. मी हात पाठीमागे घेतला. ती बरं म्हणाली.

१२ सप्टेंबर

आईला फोन केला. ये म्हटलं. तिने कारण विचारलं नाही.

आईला दिसेल. लहानपणी मी दारातून आत आले की पाठमोरी असतानाच विचारायची, कुठं पडलीस? जोखीम आहे, कळतंय मला. पण आई आहे ती.

आता उभं राहवत नाही. उभी राहते.

१७ सप्टेंबर

आई आली. डबा, स्वेटर, घरून दोन उशा. पोपटाने तिला सांगितलं, तुमची मुलगी म्हणजे सोनं आहे. आई खूश झाली.

मी सगळं सांगितलं. गुणी, ताई, पाय. माझ्या त्या आवाजात. आई मध्येच हसली, म्हणाली काय गं, गोष्टी रचतेस. मग जवळ आली आणि कपाळावर हात ठेवला.

मी तिच्या डोळ्यांत बघत होते. आई, बघ. आई, बघ ना.

ती म्हणाली, ताप नाही. काही झालेलं नाही तुला. किती शांत झालीस गं.

पाय थंड झाले. एका क्षणात, पाण्यात बुडवल्यासारखे. आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, पोपट दचकून दारात आली असा. मी रडले, ओरडले, नाक गळेपर्यंत. चेहरा माझा होता.

आई माझ्याकडे बघत होती. तिने हात काढून घेतला, पदराला पुसला. रडू नकोस म्हणाली. जणू वार सांगितला.

१८ सप्टेंबर

तिच्याबरोबर घरी आले. बसमध्ये जागा होती. ती उभी राहिली. टाचांवर.

कॉलेज सोडून निघताना गुणी कुरणात होती. दौडत होती. बरी झाली ती. तिच्याकडे बघवेना.

२० सप्टेंबर

आईच्या कपाळावर हात ठेवून मी बारा म्हणाले. सगळ्यात मोठा आकडा. दहा वेळा म्हणाले. काही नाही. खोटं बोलत होते ना, दिसत कुठं होतं?

बाबा म्हणतात, तुझी आई बघ कशी निवांत झालीय, आता चिडत नाही, बोलत नाही. मावशी म्हणाली, हेवा वाटतो. मी सगळ्यांना सांगते, तिला दुखतंय. त्यांना माझंच काहीतरी बिनसल्यासारखं दिसतं. बातम्या लागल्यात माझ्या तोंडावर, आणि त्या माझ्याच आहेत.

तिला विचारलं, आई, दुखतंय? म्हणाली, फार दुखतंय. भांडी विसळता विसळता. बाबा हसले.

२२ सप्टेंबर

एक आठवलं. आठवायला नको होतं.

मी जायच्या आधी — ओट्याशी — एक पाय, मग दुसरा. त्याच्याही आधी. मी शाळेत असताना. मी तट्टासाठी रडून घरी आले, तेव्हा तिने दार उघडलं आणि — टाचांवर — तेव्हाही. रोज. आणि आम्ही विचारलं की म्हणायची, मला कुठं काय होतंय.

म्हणजे आताचं कुठलं आणि आधीचं कुठलं? मला कसं कळणार? आधीचा चेहरा आठवायला बसले. ओटा आठवतो, पाठ आठवते, हात आठवतात. चेहरा —

कुणाला कुठं दुखतंय ते मला दिसतं म्हणे.

२३ सप्टेंबर

तिचे तळपाय हातात घेतले. गरम. शिरा उडताहेत. तिने पाय सोडवला नाही. गुणी.

पुन्हा घोकतेय. कान. डोळे. डोळ्यांवर. जबडा —

माणसाचे कान हलत नाहीत.

२४ सप्टेंबर

दुपार. आई दारात उभी आहे. कधीपासून उभी आहे ठाऊक नाही. बस म्हटलं, बसत नाही.

जवळ आली. वाकली. कपाळ पुढं केलंय तिने, माझ्या हाताशी. म्हणते, ताप आहे का बघ जरा.

बघतेय. आई, बघतेय मी. उजेड आहे, तू समोर आहेस, डोळे तुझे — जबडा — ओठ — थांब, हलू नकोस, मी बघतेय, मला काही —