यंदा गाळपेर नको

ती. आबांना नागसेनचा दिल्लीहून जयभीम.

मी बरा आहे. थंडी लई, पण ऑफिसात हीटर आहे. आईचा गुडघा कसाय?

देशानं दोन हजार तीसपर्यंत पाणथळ जागा आन् पाखरं वाचवायचं ठरवलंय. त्यात आपलं धरणही घेतलंय. तवा पाणी हटलं की गाळात हरभरा पेरता, ते यंदा नको. पाखरं बुजतात, तुमच्यावर केस होईल. धरणात घर बुडालं तवा बी आपल्याला कुणी विचारलं न्हाई.

साहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर आपल्या धरणाचा मोठा फोटो लावलाय. पाणी हटून उघड्या पडलेल्या ज्या जोत्यावर चक्रवाक पाखरू बसलंय, ते जोतं आपल्या घराचं. उंबऱ्याचा दगड म्या ओळखला. माझं अक्षर चांगलं म्हणून खालची ओळ मलाच लिहायला लावली: ‘इथे मानवी वस्ती कधीच नव्हती.’

तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर, आबा. झकास आलंय.

तुमचा,
नागसेन