देवाचे भावजी

प्रिय दादा,

बादली आईच्या डोक्यावरून निघत नव्हती. काका दोन्ही हातांनी ती वर ओढत होते, आई आतून काहीतरी म्हणत होती, आणि पडद्यापलीकडे भरलेलं नाट्यगृह देवाचं म्हणणं ऐकत होतं. माझे दोन्ही हात नावाड्याच्या बाहुलीच्या दोऱ्यांत अडकलेले. मी काय करणार? मी नावाड्याला वर बघायला लावलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण हसू आवरलं नसतं आणि पुढचं राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. काकांनी तुला फोन करून बोलावलं आणि तू ‘बघतो’ म्हणालास, हे मला कळलं आहे. तुझं ‘बघतो’ मला ठाऊक आहे. लहानपणी माझं दप्तरही तू ‘बघतो’ म्हणूनच उचलायचास.

बाबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तू येऊन गेलास. आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. बाबांनी तेव्हा मान हलवली, जणू कुणा दुसऱ्याविषयी चाललं होतं. घरी आल्यावर मात्र ते नाट्यगृहात शिरले नाहीत. संध्याकाळी येत, आत्याजवळ तिकीटखिडकीत बसत आणि खेळ सुरू झाला की बाहेर रस्त्याकडे बघत राहत. इकडे आम्हाला देव हवा होता; डोक्यावर बादली घालून घुमत्या आवाजात देव बोलायचे ते बाबाच. ‘नावाडी’ हा आपला एकच खेळ चालतो, आणि तो शेवटी देव बोलतो म्हणून चालतो. देव बोलला नाही तर तो बुडणाऱ्या माणसाचा खेळ होतो, आणि तो बघायला कोण येणार?

आधी बाबांच्या आवाजाची जुनी टेप लावून पाहिली. आवाज चांगला होता, मधे एक खोकलाही होता. ती वाजायला लागली आणि खिडकीतून बाबा उठून चालू लागले. आत्याने आत येऊन काही न बोलता टेप बंद केली. मग काकांनी स्वतः बादली घातली. बादलीतून काका म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पाण्यासाठी भांडतोय. मी बोलले तर विहिरीत मांजर पडल्यासारखं वाटलं. तेव्हा आई शिवण बाजूला ठेवून म्हणाली की मी बोलते, मला पाठ आहे. आणि घरात जे सुरू झालं ते अजून पुरतं संपलेलं नाही.

काका म्हणाले, वहिनी, गैरसमज नको, पण देव बाईच्या आवाजात बोलला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. आत्या म्हणाली, परत द्यायला मी बसले आहे ना खिडकीत, बघू कोण मागतं. काका म्हणाले, नावाडी अख्खा खेळ हाका मारतो आणि देव शेवटपर्यंत गप्प बसतो. इतका वेळ गप्प राहणं बाईला जमेल? आत्या म्हणाली, गप्प नसते ती, कामात असते. हाक मारल्याबरोबर ‘काय आहे आता?’ असं ओरडत नाही, यावरूनच पुरुष नाही हे कळतं. काकांनी आजोबांना मधे आणलं. आजोबांनी देवाची बाहुली कोरली नाही, पडद्यामागे नुसता दिवा ठेवला, त्यात काही विचार असेल. आत्या म्हणाली, मी तेव्हा तिथेच होते. लाकूड संपलं होतं, आणि दिवा न्हाणीघरातला होता.

तडजोड म्हणून काका आणि आई दोघांनी मिळून बोलून पाहिलं. एका बादलीत दोन तोंडं मावत नाहीत, म्हणून काकांनी हंडा घेतला. देव आणि त्याची बायको जेवायला उशीर का झाला यावर एकदम बोलत आहेत, असं ऐकू आलं. शेवटी काका पाटी घेऊन बाबांकडे गेले. म्हणाले, तू इतकी वर्षं देव होतास, तूच सांग, देव कोण? बाबांनी खडू घेतला. पाटीवर लिहिलं: ‘आत असताना मी पुरुष आहे असं कधी वाटलं नाही. उकडतंय एवढंच वाटायचं.’

काकांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी तुला फोन केला. तुझा आवाज हुबेहूब बाबांचा आहे, हे खरं. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करताना तूही कुणाला न दिसता बोलतोस, आणि तिथेही लोक अर्धंच ऐकतात. पण तू येईपर्यंत खेळ बंद ठेवायचा नव्हता. म्हणून रविवारी, तेवढ्यापुरती, आई.

तुला बादलीची पद्धत आठवत असेल. डोक्यावर ती चढवली की आतल्याला काही दिसत नाही, आणि स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणून आई मागे उभी राहून शिवणाचं अंगुस्तान बादलीवर वाजवायची. एकदा वाजलं की बोलायचं, दोनदा वाजलं की थांबायचं. आपला देव आजवर आईने टकटक केल्याशिवाय एक शब्द बोललेला नाही. रविवारी मात्र मागे कुणी नव्हतं. काकांनी दिवा वर चढवला, आईने अंदाजाने सुरुवात केली, आणि, दादा, तुला सांगते, ती चांगली बोलली. ‘मी इथेच आहे. तू वल्हव.’ बाबा हे वरून आल्यासारखं म्हणायचे. आईने शेजारच्या खोलीतून म्हटल्यासारखं म्हटलं. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलेलं मी ऐकलं.

मग बादली निघेना. बाबांच्या टकलावर ती गुळगुळीत सरकायची. आईचा अंबाडा आत गेला, पण बाहेर येताना आतल्या कडेला अडकला. एवढी खटपट झाली, पण अंबाड्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. आईला वाटलं आपण कुजबुजतोय. देवाच्या आवाजात तिने सांगितलं, ‘अगं, मी अडकलेय. कुणीतरी मला बाहेर काढा.’ माझा नावाडी जिवाच्या आकांताने आवाजाच्या दिशेने वल्हवू लागला. काका दिवा तसाच सोडून धावले आणि बादली ओढू लागले. तेव्हा देव गरजला, ‘अहो भावजी, मान मोडेल माझी!’

देवाला दीर आहे, हे लोकांना त्या दिवशी कळलं. कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, अहो, मग जा ना कुणीतरी!

बाबा आले. खिडकीतून आत, खुर्च्यांच्या कडेकडेने, पडद्यामागे. काकांना त्यांनी खांद्याला धरून बाजूला केलं. मग वाकडं बोट करून बादलीवर दोनदा वाजवलं. आई तत्क्षणी गप्प झाली. बाबांनी कडेखालून बोटं घातली आणि अंबाड्यातले आकडे एकेक काढून आपल्या तोंडात धरले. त्यांना आता बोलायचं नसतंच. दिवा मागे जळत होता. दोघांच्या सावल्या पडद्यावर एकमेकींत मिसळल्या होत्या, कुठली कुणाची ते सांगता येत नव्हतं. केस सुटले, बादली निघाली. लोक टाळ्या वाजवत राहिले. बाहेर पडताना एकाने आत्याला विचारलं की भावजी पुढच्या रविवारीही असतील ना. काका तेव्हापासून विचारात आहेत.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस, दिला असशील तर आजच परत माग. तुला बादलीत कधीच शिरायचं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बाबांनाही. आत बोलायला आई आहे. बाहेरून वाजवायची जागा मोकळी होती, तीही आता भरली. सुट्टी घेऊन ये, आणि एकदा समोर बसून बघ. तिकीट काढावं लागेल, आत्या कुणाला सोडत नाही. सोमवारी सकाळी बाबांनी बादली मागच्या दारी नेली, आईला स्टुलावर बसवलं, तिच्या अंबाड्याएवढा पत्रा मागच्या बाजूने कापला आणि कडेला दुपारपर्यंत कानस मारली.

तुझीच,
धाकटी